संमोहन नव्हे, भीड

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. आईंना घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा, बाकीचं परत आल्यावर वाचा. रस्त्यावरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण साधारण 15 दिवस ते महिनाभर राहतं, मग त्याच्यावर नवं चढतं. काही ठिकाणी आठवडाही टिकत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे घटनेला 4 दिवस होऊन गेलेत.

तुम्ही जे कळवलंय ते एकदा माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लक्षात येईल. आई 74 वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. सकाळी 11 च्या सुमाराला दादरला रानडे रोडवरून भाजी घेऊन निघाल्या होत्या. पांढरा शर्ट, चाळिशीतला एक माणूस पत्ता विचारायला थांबला. बोलता बोलता म्हणाला, ‘तुम्ही शिक्षिका होतात ना? वाटलंच मला.’ मग गोष्ट सुरू झाली. त्याच्या शेठला 15 वर्षांनी मुलगा झालाय, शेठ गोरगरिबांना साड्या आणि पैसे वाटतोय, त्या पैशांना एखाद्या सत्शील बाईच्या अंगावरचं सोनं नुसतं लावून घ्यायचंय. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने लगेच आपली अंगठी काढून दिली. आईंनी दोन पाटल्या काढल्या. रुमालात बांधल्या, गाठ त्यांच्यासमोर मारली. घरी येऊन सोडली तर आत दोन खडे आणि वर्तमानपत्राचा बोळा. दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. आता म्हणतात ‘मला भूल घातली’, आणि मध्येच म्हणतात ‘पण किती छान बोलत होता गं’. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे संमोहन होतं का, एवढी शिकलेली बाई फसते कशी, आणि तक्रार करून काही हाती लागतं का.

मी मुंबई पोलिसांत 32 वर्षं काढली, त्यातली बरीचशी पोलीस ठाण्याच्या डिटेक्शनमध्ये, म्हणजे गुन्हे उकलणाऱ्या पथकात. या धंद्याला आमच्याकडे ‘बोलबच्चन’ म्हणतात आणि तो करणाऱ्यालाही बोलबच्चनच. हत्यार नाही, मारामारी नाही, पळापळ नाही. नुसतं बोलणं.

संमोहन नव्हतं. फिर्यादीत ‘भूल’ हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की जबाब घेताना मी तो येण्याची वाटच बघायचो. ‘काहीतरी हुंगवलं’, ‘डोळ्यांसमोर रुमाल फिरवला’, ‘हातात प्रसाद ठेवला आणि मला काही कळेना’. मग मी शांतपणे विचारत जायचो, त्यानंतर तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, शर्ट कोणत्या रंगाचा होता. भूल पडलेल्या माणसाला शर्टाचं बटण तुटलेलं होतं हे आठवत नाही, यांना आठवायचं. सगळं लख्ख आठवायचं. अशा बोलबच्चनांच्या झडतीत मला एकदाही कसलं औषध मिळालं नाही. मिळायचे ते रुमाल, कागदाच्या पुड्या, खडे, आणि वर एक खरी नोट लावलेली कोऱ्या कागदांची गड्डी. (रेल्वेत चहा-बिस्किटातून गुंगीचं औषध देऊन लुटतात तो प्रकार खरा आहे, पण तो वेगळा गुन्हा, त्याचं कलम वेगळं आणि ते लोकही वेगळे.)

तरीही आई ‘भूल’ म्हणतात त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. आपल्याच हाताने पाटल्या काढून दिल्या हे घरात सांगायला दुसरा शब्द नाही म्हणून तो येतो.

आता त्या दहा मिनिटांत काय झालं ते. मला हे एकाने समजावून सांगितलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही त्याला परळला उचलला होता. साठीकडे झुकलेला, धुतलेला सदरा, खिशाला पेन, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. भोईवाडा कोर्टात रिमांडसाठी नेलं तर आमचा नंबर काही केल्या लागेना. बाहेरच्या बाकावर तो, मी आणि एक हवालदार. चहा मागवला, त्याच्यासाठीही एक. तेवढ्यावर तो खुलला. म्हणाला, ‘साहेब, मी कोणाचं काही घेत नाही. लोक देतात.’

माणूस निवडायची त्याची रीत ऐकून मी चाट पडलो. गर्दीत तो मुद्दाम हलकासा धक्का द्यायचा. जो चिडतो, त्याला सोडून द्यायचं. जो ‘बघून चाला की’ म्हणतो, त्यालाही सोडायचं. धक्का स्वतःला लागलेला असताना ‘लागलं का हो?’ असं जो विचारतो, तो आपला. दागिने किती आहेत हे नंतर बघायचं. कोळणींच्या अंगावर काय थोडं सोनं असतं का, मी विचारलं. तो हसला. म्हणाला, ‘कोळणीच्या वाटेला मी कधी गेलो नाही. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणणार, ए, चल हट. धंद्याची वेळ हाय.’

दुसरी पायरी पत्ता. जो पत्ता त्याला पाठ आहे तोच विचारायचा. समोरच्याने सांगितला की भरभरून आभार मानायचे. मग आणखी एक बारीकशी मदत: चिठ्ठीवरचं नाव वाचून द्या, पिशवी एक मिनिट धरा. प्रत्येक वेळी समोरचा माणूस हो म्हणतो आणि प्रत्येक वेळी आपण भले आहोत असं त्याला वाटतं. तिसऱ्या-चौथ्या होकारानंतर नाही म्हणणं म्हणजे मघापासूनच्या भलेपणावर पाणी ओतल्यासारखं. मास्तरचे शब्द मी त्या दिवशी घरी जाऊन डायरीत लिहून ठेवले: ‘निघून जायला माणसाला कारण लागतं, साहेब. मी ते मिळू देत नाही.’

तुमच्या आईंना तो शिक्षिका म्हणाला तेही असंच. सुती साडी, चष्मा, स्पष्ट उच्चार, रस्ता सांगताना बोटाने हवेत नकाशा काढायची सवय. आणि समजा चुकला असता, तर ‘नाही, पण वाटता खऱ्या’ म्हणून वेळ मारून नेली असती. बरोबर निघालं तेव्हा मात्र आई त्या क्षणापासून रस्त्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई राहिल्या नाहीत, पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली हो त्यांना? 16? रस्त्यात थांबून कोणी इतक्या आदराने बोललं असेल असा प्रसंग या 16 वर्षांत कितीदा आला असेल, विचारून बघा.

अंगठी काढणारा दुसरा हा अर्थातच जोडीदार. त्याचं काम महत्त्वाचं. बोलणाऱ्यावर शंका येते तेव्हा माणूस आजूबाजूला बघतो, आणि तिथे एक तिऱ्हाईत निमूट विश्वास ठेवताना दिसतो. ‘काढा हो, बाई, चांगल्या कामाला आहे’ असं तो म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही. त्याचं न बोलणं जास्त काम करतं.

रुमाल बदलणं ही शुद्ध हातचलाखी, तीन-चार सेकंदांची. त्यात विशेष काही नाही, जत्रेतल्या जादूगाराला येते. खरी कला त्याच्या पुढच्या मिनिटात आहे, कारण पुडी हातात पडल्यावर माणूस ती उघडून बघणारच. म्हणून कोणी सांगतो, 21 पावलं मागे न बघता चाला. कोणी सांगतो, घरी देव्हाऱ्यापुढे नेऊन सोडा. मास्तर काय करायचा? तो वाकून पायाला हात लावायचा. बाई आशीर्वाद द्यायची. ‘आशीर्वाद दिल्यावर कोण पुडी उघडून बघतं, साहेब?’

आईंनी हे तुम्हाला सांगितलेलं नाही, पण मला दाट शंका आहे की त्यांनीही त्याच्या डोक्यावर हात ठेवला असेल. पाटल्यांपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं असेल. विचारू नका. त्या आपणहून बोलल्या तर ऐका.

शिकलेली बाई कशी फसली, या प्रश्नात एक गृहीत आहे की फसायला अडाणी किंवा लोभी असावं लागतं. माझ्या पाहण्यातल्या बोलबच्चनच्या फिर्यादींत निवृत्त बँक अधिकारी होते, एक वकीलबाई होत्या, आणि एक तर आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले जमादार. तुमच्या आईंना त्या शेठकडून साडी नको होती, पैसे नको होते. त्यांना फक्त एका भल्या वाटणाऱ्या माणसाला रस्त्यात उभ्या उभ्या ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं म्हणवेना. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्या आज्या म्हणायच्या ते उगाच नाही. आणि गंमत अशी की ही भीड आपणच वर्षानुवर्षं जोपासतो. मोठ्याने बोलू नये, तोडून बोलू नये, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये. आईंनी हे कित्येक पिढ्यांच्या मुलांना शिकवलं असेल. त्यांच्या चांगल्या वागण्याचाच त्याने कुऱ्हाडीला दांडा केला.

मी काही वरच्या पायरीवर उभा राहून हे सांगत नाहीये. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील, साध्या कपड्यांत दादर स्टेशनबाहेर उभा होतो. एक जोडपं आलं, कडेवर मूल. माणूस म्हणाला, दादा, आम्ही हिंगोलीकडचे, मुकादमाने कामावर आणलं आणि पैसे न देता पळाला, दोन दिवस पोर उपाशी आहे, पैसे नकोत, फक्त गावापर्यंतचं तिकीट काढून द्या. ‘पैसे नकोत’ या शब्दांवर मी विरघळलो. 200 रुपये काढून दिले. तेव्हाच्या पगारात 200 म्हणजे थोडे नव्हते. पाच-सहा आठवड्यांनी, जागा तीच, माणूस तोच, मूल थोडं मोठं झालेलं. माझ्याकडेच आला. ‘दादा, आम्ही हिंगोलीकडचे...’ त्याने मला ओळखलंच नव्हतं. दिवसाला पन्नास तोंडं बघणाऱ्याला कशाला आठवेल? मी मात्र त्याचं तोंड विसरलो नव्हतो. घरी सांगितलं तर बायको इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

त्यावर लोक म्हणतात, मग कोणालाच मदत करायची नाही का? करा. खरे अडलेलेही असतात, मुकादम खरंच पळून जातात. पैसे हातात देऊ नका, समोर बसवून जेवू घाला. जो खरा भुकेला आहे तो बसतो. दुसरा सांगतो की मूल झोपलंय, पार्सल नको, पैसेच द्या.

हा धंदा आपल्याकडचाच आहे असंही नाही. 1849 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक नीटनेटका गृहस्थ होता. रस्त्यातल्या अनोळखी माणसाशी तो जुनी ओळख असल्यासारखा गप्पा मारायचा आणि मग विचारायचा, ‘उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का?’ लोक घड्याळ काढून द्यायचे! वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं, तोच शब्द पुढे कापला जाऊन ‘कॉन मॅन’ झाला. घड्याळ गेलेल्या एकाने काही काळाने त्याला रस्त्यात बघितलं, ओळखलं, आणि तो धरला गेला. बघा, ‘तुमचा विश्वास नाही का?’ या प्रश्नाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं तिथल्या माणसालाही जड गेलं.

तोतया पोलीस हा याचाच सख्खा भाऊ, फक्त तिथे आदराऐवजी धाक वापरतात. ‘आजी, पुढे खून झालाय, साहेब चेकिंग करतायत, दागिने काढून पर्समध्ये ठेवा, आणा मी कागदात बांधून देतो.’ यावर मी दोन वाक्यांतच सांगतो: कोणताही खरा पोलीस रस्त्यात तुम्हाला दागिने काढायला सांगत नाही. सांगितलंच, तर ‘चला, चौकीत जाऊन काढते’ म्हणा आणि चालायला लागा, तो मागे येणार नाही. वर्दीचा धाक किती चालतो याचा मोठा नमुना मी खात्यात नवा असताना मुंबईने पाहिला. 19 मार्च 1987 रोजी ऑपेरा हाऊसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानावर ‘सीबीआय’ची धाड पडली. म्होरक्याने आधी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, हॉटेलात मुलाखती घेऊन, सुशिक्षित तरुण भरती केले होते. आपण खरोखर सरकारी नोकरीत लागलोय अशीच त्यांची समजूत. दुकानात सगळ्यांना कामाला लावून तो दागिन्यांची बॅग घेऊन निघून गेला. तो आजवर सापडलेला नाही. त्या दिवशी मालक आणि नोकरच नव्हे, धाड घालणारेही फसले.

लोभावर चालणारे प्रकार वेगळे. खोदकामात सोन्याची माळ सापडली, दोन मणी सोनाराकडे नेऊन तपासा (ते दोन खरे असतात), आणि माळ अर्ध्या किमतीत घ्या. घरी आणल्यावर पितळ. तिथे फिर्यादीच्या मनातही थोडी चोरी असते आणि तो पोलीस ठाण्यात येताना अर्धीच हकिकत सांगतो. आईंच्या बाबतीत तसं काही नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत ऐकू द्या.

आता तक्रार. इथे जरा खात्याच्या आतलं बोलतो.

ठाणे अंमलदार तुम्हाला कदाचित म्हणेल, अर्ज लिहून द्या, बघू. किंवा हरवल्याचा दाखला देतो म्हणेल. दाखला घेऊन घरी येऊ नका. पाटल्या हरवलेल्या नाहीत, फसवून नेल्यात, आणि गुन्हा नोंदला गेला नाही तर तपास कोणावरच येत नाही. आम्ही ज्याला 420 म्हणायचो ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. तो कोणी दुसराच असल्याचं भासवत असेल तर 319, पोलीस असल्याचं सांगितलं असतं तर 204. हद्दीचा वाद कोणी घातला तर शांतपणे सांगा की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. नोंदवूनच घेतलं नाही, तर हकिकत लेखी स्वरूपात टपालाने परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवा; तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बहुतेक वेळा तेवढी वेळ येत नाही, आवाज न चढवता ठाम बसून राहिलं की काम होतं.

सोबत न्यायचं: पाटल्यांची पावती असेल तर पावती, नसेल तर त्या घातलेला एखादा लग्नातला फोटो, आणि अंदाजे वजन. तो रुमाल आणि खडे टाकून दिले नसतील तर कागदाच्या पाकिटात घालून न्या, प्लास्टिकमध्ये नको, आणि पुन्हा पुन्हा हाताळू नका. ठाण्यात जाण्याआधी त्या रस्त्यावरच्या एक-दोन ओळखीच्या दुकानदारांना एवढंच सांगा की चित्रण पुसू नका, पोलीस मागायला येतील. तुम्ही स्वतः उतरवून घेतलेल्या क्लिपपेक्षा पोलिसांनी रीतसर ताब्यात घेतलेली कोर्टात जास्त उपयोगी पडते.

जबाबात ‘भूल’ लिहू देऊ नका. त्याने नशेचा मुद्दा येतो, वैद्यकीय तपासणी का केली नाही हा प्रश्न येतो, आणि आरोपीचा वकील बाईंना काहीच धड आठवत नाही असं म्हणायला मोकळा होतो. त्यापेक्षा त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. शेठ, 15 वर्षं, सत्शील बाई, सोनं लावून घ्यायचं. प्रत्येक टोळीची गोष्ट ठरलेली असते, त्यात ती सहसा बदल करत नाही. गुन्ह्याच्या पद्धतीवरून माणूस काढायला आमच्याकडे स्वतंत्र नोंदी ठेवतात, आणि ‘शेठला मुलगा झाला’ म्हणणारे कोण, ‘पुढे दंगल झाली’ म्हणणारे कोण, हे जुन्या हवालदाराला तोंडपाठ असतं. मास्तर असाच सापडला. तीन ठाण्यांच्या फिर्यादींत ‘पायाला हात लावला’ हे एक वाक्य सारखं होतं.

एक मात्र करू नका. ‘अमुक जमातीचा वाटत होता’ असं अंदाजाने सांगू नका. ‘भामटा’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण महाराष्ट्रात तो माणसांच्या एका जमातीच्या नावात आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि तो शिक्का कायद्यातून निघायला 1952 उजाडलं. पोलिसांच्या डोक्यातून निघायला आणखी किती लागतील देव जाणे. मी नवा असताना जुने लोक मला तेच शिकवत होते. आयुष्यात धरलेले बोलबच्चन आठवतो तेव्हा त्यात सगळ्या जातींची, सगळ्या भाषांची माणसं दिसतात. उंची, चालणं, बोलायची ढब, हाताची बोटं, दातांची ठेवण, एवढं सांगितलं की पुरे.

पाटल्या परत मिळतील का? टोळी धरली गेली तर सोनं मिळतं, पण पाटल्यांच्या रूपात क्वचितच. दोन-चार दिवसांत वितळवून लगड करतात. पंचनाम्यात तसंच लिहिलं जातं, ‘सोन्याची लगड, वजन अमुक’. ती परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी तुमची पावती आणि फोटो कामाला येतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण पाटल्या बहुधा त्यांच्या सासूबाईंच्या किंवा आईच्या असतील, आणि लगड हातात घेताना रडू येतं. मी पाहिलंय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पुढच्या हालचालीचा मला अंदाज आहे. त्यांना एकटीने बाहेर सोडणार नाही, हो ना? असं करू नका. घरात बसवलेल्या माणसाला दारावर येणारा आणि फोनवर बोलणारा बोलबच्चन गाठतो, आणि तिथे तर आजूबाजूला कोणीच नसतं. रानडे रोडला त्यांना पुढच्याच आठवड्यात घेऊन जा, मग एकटीला जाऊ द्या. हातात बेन्टेक्स घालावं का? घालू द्या हवं तर, पण त्याने भीड जात नाही; उद्या तो दागिन्यांऐवजी बँकेत चला म्हणेल.

नवनव्या थापा ओळखायला शिकवण्यात अर्थ नाही, थापा रोज नव्या निघतात. शिकवायचं ते पायांना. कोणीही, कसल्याही कारणाने, अंगावरचं काही काढायला किंवा पर्स उघडायला सांगितलं की उत्तर न देता जवळच्या दुकानात शिरायचं आणि स्टुलावर बसायचं. ‘नाही’ म्हणायला जीभ अडते, वळायला पाय इतके अडत नाहीत. आणि हे घरी दोन-तीनदा खरंच करून बघा. नातवाला बोलबच्चन करा, त्याला मजा येईल. एका आजींना मी सांगितलं होतं, तुम्ही शाळेत होतात ना, मग वर्गात गोंधळ घालणाऱ्या पोराला विचारायचात तसं विचारा: ‘काय रे, कुठल्या शाळेचा तू?’ पुढे एकदा त्यांनी लालबागच्या भर बाजारात खरोखर विचारलं. तो माणूस ‘सॉरी बाई’ म्हणून निघून गेला. तो बोलबच्चन होता की खरंच पत्ता विचारणारा होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

शेवटचं, ओळख परेडबद्दल, कारण आरोपी मिळाला तर आईंना तिथे जावं लागेल. ती तुरुंगात होते. आरोपीसारखे दिसणारे सहा-सात जण त्याच्याबरोबर रांगेत उभे करतात, विशेष कार्यकारी दंडाधिकारी आणि पंच हजर असतात, तपास करणाऱ्या पोलिसाने आत थांबायचं नसतं. माझ्या वेळी ओळखलेल्या माणसाला हात लावून दाखवावं लागायचं. मास्तरच्या परेडला आम्ही एका बाईंना नेलं होतं, सत्तरीच्या, त्यांच्या मोहनमाळेचीच फिर्याद सगळ्यांत पक्की होती. त्या आत गेल्या, रांगेपुढून दोनदा फिरल्या आणि ‘यांत कोणी नाही’ असं सांगून बाहेर आल्या. मी काहीच बोललो नाही, बोलून उपयोग नव्हता, अहवाल लिहून झाला होता. जीपमध्ये बसल्यावर, आर्थर रोडचं फाटक मागे पडल्यावर, त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘होता हो तो. डावीकडून तिसरा. पण मला बघून त्याने हात जोडले. मग चारचौघांत त्याला हात कसा लावायचा?’

आईंना परेडचं बोलावणं आलं, तर आदल्या रात्री त्यांना हे सांगा.